मापात पाप

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डोकावण्याची आमची जुनी सवय आहे. खरेदी काही नसते. ती आमच्या सौभाग्यवतींनी आठवडाभर आधीच उरकलेली असते. आम्ही जातो ते पूजा पाहायला. पाटावर नवी वही, वहीवर कुंकवाने रेखलेले स्वस्तिक आणि शेजारी तराजू. पूर्वी दोन पारड्यांची पितळी तागडी असे, आता विजेवर चालणारा, आकडे दाखवणारा काटा आहे. पण हळदकुंकू त्यालाही लागते, फूल त्यालाही वाहिले जाते. शेटजींच्या वडिलांच्या काळी दुकानात एक पाटी असे : ‘आमच्या मापात पाप नाही.’ पाटी गेली, पूजा राहिली. ज्यांच्या भरवशावर गिऱ्हाईक वर्षभर दुकानाची पायरी चढते, त्या काट्याला आणि त्या वहीला वर्षातून एकदा हात जोडायचे, यात मोठे शहाणपण आहे असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

यंदा मात्र शेटजींच्या काट्यापुढे उभे असताना आमच्या डोळ्यांपुढे एक दुसराच काटा येत होता. त्याला कोणी फूल वाहत नाही. त्याच्या शेजारच्या वहीवर कोणी स्वस्तिक काढत नाही. आणि त्या काट्यावर साखर नाही, रवा नाही, माणसाचे मूल तोलले जाते.

त्याचे असे झाले. आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी श्रावणात एके दिवशी म्हणाल्या, ‘‘दादा, उद्या नातीला वजनाला न्यायचंय, उशीर होईल.’’ वजनाला म्हणजे कुठे, तर त्यांच्या वस्तीतल्या अंगणवाडीत. ती वस्ती आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षे इथे राहतो, पण आम्ही तिथे कधी पाऊल टाकले नव्हते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय! मनात आले, बघून तरी येऊ. मावशींबरोबर निघालो.

समाजमंदिराच्या कडेची एक खोली. भिंतीवर अक्षरे, फळांची चित्रे, एका कोपऱ्यात खिचडीचे झाकलेले पातेले. छताच्या हुकाला गोल तबकडीचा काटा टांगलेला आणि त्याच्याखाली दोन पाय बाहेर काढता येतील अशी कापडी झोळी. मावशींची नात चौदा महिन्यांची. झोळीत घातल्याबरोबर तिने जो सूर लावला, तो मावशींच्या कानांवर पडून त्यांचे डोळे भरून आले. काटा हलला, डुलला आणि थांबला. सहा किलो नऊशे. या वयाची मुलगी साधारण नऊ किलोंच्या आसपास असावी असे अंगणवाडीच्या ताईंनी सांगितले.

मावशी हळूच ताईंजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, थोडं वाढवून लिवा ना. साडेसात लिवा. सून नवी आहे, लोक काय म्हणतील? पोरीला खायला देत नाय म्हणतील.’’

आम्हांला वाटले, ताई लिहितील. अर्ध्या किलोने कोणाचे काय जाते? पण ताईंनी मावशींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘‘मावशी, मी साडेसात लिहिलं तर वही खूश होईल, बाळ उपाशीच राहील. सहा-नऊशे लिहिलं तरच मला हिच्याकडे जास्त बघता येईल ना?’’ आणि लिहिले, सहा किलो नऊशे.

वाचकहो, हे ऐकून आमची मान खाली गेली. कारण आमच्याच घरात, मुलाच्या प्रगतिपुस्तकातला गणिताचा आकडा पाहुण्यांना सांगताना आम्ही उभयतांनी कितीतरी वेळा पाच-दहा गुणांची भर घातली होती. लोक काय म्हणतील, या भीतीला चाळ आणि बंगला असा भेद नाही.

निघताना आम्ही ताईंना विचारले, ‘‘कमी वजनाची मुले निघाली तर वरून बोल लागत नाही का?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘मी नवी होते तेव्हा आमच्या मुख्यसेविका बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कमी वजनाचं मूल सापडलं म्हणून मी कधी रागावणार नाही. सापडलेलं लपवलंस, तर मात्र माझ्याशी गाठ आहे.’’

आजच्या या पानावर आम्हांला सांगायचे आहे ते सारे त्या बाईंच्या दोन वाक्यांत आले. बाकीचा मजकूर म्हणजे त्याचीच टीप समजा.

मुळात ही अंगणवाडी आली कुठून? शब्द अस्सल मराठी आहे आणि त्याचे गोत्रही मराठीच आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली खरी, पण गरिबाघरची मुले तिथे येईनात. कोणी धाकटे भावंड सांभाळत होते, कोणी गुरांमागे होते. तेव्हा ताराबाईंनी सरळ उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नाही ना? मग बालवाडीनेच मुलाच्या अंगणात जावे. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आदिवासी पाड्यांत रुजले. पुढे केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातल्या मेळघाटातली धारणी होती आणि मुंबईतली धारावी होती. एक जंगलातली, एक महानगरातली. नावांत जेमतेम दोन अक्षरांचा फरक, आणि मुलांच्या पोटाच्या दृष्टीने तोही नाही. त्या योजनेच्या केंद्राला नाव मिळाले ते अंगणवाडी. आज भारतभर, कुठल्याही भाषेच्या मुलखात जा, हा शब्द ऐकू येतो.

महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे असते. हा विभाग 1993 साली स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, राज्याने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले. विभागाचे कामकाज वाचायला घेतले तर पानेच्या पाने भरतील. पण अंगणवाडीपुरते बोलायचे तर सहा कामे : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात धाडणे, शाळेआधीचे शिक्षण, आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती. यांतली दवाखान्याशी निगडित कामे आरोग्य खात्याच्या हातात हात घालून करायची. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीत एक सेविका आणि, जिथे पद भरलेले असेल तिथे, एक मदतनीस.

आता या खात्याची शिडी पाहा. सर्वांत वर मंत्री, मग सचिव, मग आयुक्त. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. मग बाल विकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्या हाताखाली मुख्यसेविका आणि शेवटच्या पायरीवर सेविकाताई. वर्तमानपत्रात फोटो वरच्या पायरीचे येतात. मूल मात्र शेवटच्या पायरीवर बसलेले असते. मग वरच्या पायऱ्यांचे काम काय? आदेश काढणे? ते तर हवेतच. निधी आणणे? तोही हवाच. पण एक काम असे आहे की, जे वरच्या माणसाने केले नाही तर आदेश नि निधी दोन्ही वाया जातात. ते काम म्हणजे खालच्या माणसाला खरे बोलण्याची मुभा देणे.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरगुती अब्रूपुरती ठीक आहे. सरकारी दफ्तरात ती शिरली की मुले दगावतात. या शतकाच्या प्रारंभी गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ या नावाचा अहवाल काढला. त्यांनी काय केले? निवडक गावांत आणि वस्त्यांत घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू मोजले. सरकारी नोंदींत जितके बालमृत्यू होते, त्यांहून प्रत्यक्षातले कितीतरी अधिक निघाले. आकडा कोणी जाणूनबुजून बुडवला होता असेच नव्हे. पण ज्या खात्यात मोठा आकडा लिहिणाऱ्याला जाब विचारला जातो आणि छोटा आकडा लिहिणाऱ्याची पाठ थोपटली जाते, तिथे आकडे आपोआप लहान होत जातात. किराणा दुकानात मापात पाप होते ते लोभाने. दफ्तरात होते ते भीतीने. लोभी माणसाला धाक घालता येतो, भित्र्याला धाक घातला तर पाप वाढते. इथे लागते ते अभय.

हे अभय देणारी एक हकीकत आपल्याच राज्यात घडली आहे आणि ती आपल्या घरांत व्हावी तितकी ठाऊक नाही, म्हणून सांगतो. 2002 च्या सुमाराला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, व्ही. रमणी हे विभागीय आयुक्त होते. मराठवाड्यातल्या कुपोषणाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यांचा पहिला आग्रह फार साधा होता : एकूण एक मुलाचे वजन घ्या आणि भरेल तेच लिहा. तीव्र कुपोषित म्हणून नोंदलेल्या मुलांची संख्या त्यामुळे वाढली. वाढणारच! कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे थोडेच राहते? फरक इतकाच की, आता कोणते मूल कोणत्या घरात आहे हे कळले, आणि कळल्यावर त्याच्याकडे जाता आले.

त्या अनुभवातून 2005 साली राज्य सरकारने ‘राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन’ स्थापन केले. अशा प्रकारचे हे देशातले पहिले राज्य मिशन. रमणी त्याचे पहिले महासंचालक झाले, आणि युनिसेफचे त्याला साहाय्य होते. गंमत अशी की, या मिशनच्या हातात धान्याचे कोठार नव्हते, औषधांचे कपाट नव्हते. खिचडी शिजवणार बाल विकासवाले, लस टोचणार आरोग्यवाले. मिशनकडे होता तो विचारण्याचा अधिकार आणि दोन खात्यांना एका पाटावर बसवण्याचे कसब. आदिवासी भागातली रिकामी पदे भरा, सेविकांना शिकवा, वजने सगळ्यांची घ्या, सापडलेल्या मुलाला गावातच ग्राम बाल विकास केंद्रात काही आठवडे दिवसातून अनेकदा खाऊ घाला, अशी त्यांची रीत. 2011 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात, वंदना कृष्णा महासंचालक असताना, भर आला तो पहिल्या हजार दिवसांवर. हजार दिवस कसे? गर्भातले 270 आणि पहिल्या दोन वर्षांचे 730. जन्माला आलेले बाळ अडीच किलोंच्या वर असावे. पाच महिन्यांत ते दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हावे. ही पायाभरणी चुकली तर पुढे कितीही बदाम भरवा, उंची आणि बुद्धी यांचा गेलेला काळ पुरा परत येत नाही.

निकाल काय लागला? 2005-06 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालील मुलांपैकी सुमारे 39 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. 2012 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा हे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांवर आले होते. सहा-सात वर्षांत इतकी उतार पडणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे इतर राज्यांनीही अशी मिशने काढली.

पण मापात पाप नको म्हटले, तर आमच्याही मापात नको. सारे श्रेय एका मिशनला आणि एका अधिकाऱ्याला देणे हा खोटा हिशेब होईल. त्याच काळात लोकांची मिळकत वाढली, मुली अधिक शिकल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. या सगळ्यांचे पाणी त्या विहिरीत आहे. शिवाय पुढची कथा इतकी गोड नाही. पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण 2005-06 मध्ये सुमारे 46 टक्के होते, ते 2015-16 मध्ये 34 वर आले. पण 2019-21 च्या पाहणीत 35 भरले. म्हणजे गाडी थबकली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही पाहण्यांत चारांतून एक. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याला ही शोभा नव्हे.

आज वहीची जागा मोबाइलने घेतली आहे. 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ नावाच्या ॲपवर वजन-उंची भरायची असते. सोय आहे, नाही कोण म्हणतो? दिल्लीला बसून मेळघाटातले मूल दिसते. पण त्याच 2021 साली महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करून निषेध नोंदवला. फोन जुने झाले आहेत, चालत नाहीत, ॲप मराठीत नाही, अशी त्यांची तक्रार होती. डिसेंबर 2023 मध्ये मानधन आणि इतर मागण्यांसाठी त्या संपावर गेल्या, तो संप जानेवारी 2024 पर्यंत चालला. त्या दिवसांत आमच्यासारख्यांनी ‘हल्ली उठसूट संप’ म्हणून चहाचा घोट घेतला असेल. पण विचार करा. जिच्याकडून आपण दरमहा खऱ्या आकड्याची अपेक्षा करतो, तिचे खरे म्हणणे ऐकून घ्यायला आपल्याला वेळ नसेल, तर तिने कोणाच्या जोरावर खरे लिहावे? काटा लोखंडाचा असो की काचेचा, तो धरणारा हात निर्भय हवा.

म्हणूनच आम्ही म्हणतो की, अशा खात्याचे ब्रीद भिंतीवरच्या फलकात नसते आणि नेतृत्व मोटारीवरच्या दिव्यात नसते. ‘मूल आपल्याकडे येत नसेल, तर आपण त्याच्या अंगणात जावे,’ हे ब्रीद ताराबाईंनी घालून दिले. ‘सापडले म्हणून रागावणार नाही, लपवलेस तर गाठ माझ्याशी,’ हे नेतृत्व एका मुख्यसेविका बाईंनी आपल्या वस्तीपुरते केले. सचिवाने ते राज्यापुरते करायचे, एवढाच काय तो फरक. अधिकारी बदलतात, बदलायचेच. एक जाऊन दुसरा आला तरी ही एक शिस्त टिकली पाहिजे, आणि ती टिकते की नाही हे पाहण्याचे काम तुमचे-आमचेही आहे.

आपण काय करावे? फार मोठे काही नाही. दिवाळीचा फराळ आपण कामाच्या मावशींना देतोच. चकली-लाडवाबरोबर एक प्रश्नही द्यावा : ‘‘नातीचं वजन किती भरलं?’’ आणि आकडा कमी निघाला तर सुनेला नावे ठेवू नयेत. वजनाच्या दिवशी दोन तास उशिरा आल्या तर भांडी तेवढा वेळ थांबतात, मूल थांबत नाही. जवळच्या अंगणवाडीत एकदा जाऊन यावे. तिथला काटा चालतो का, पाणी आहे का, मदतनिसाची जागा रिकामी आहे का, हे पाहावे. नगरसेवक हात जोडत दारी येतात तेव्हा गटाराबरोबर हेही विचारावे.

मावशींच्या नातीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. कमी वजनाचे म्हणून नाव लागल्यामुळे ताई दर आठवड्याला घरी जाऊ लागल्या. दंडाला पट्टी लावून पाहत, सुनेपाशी बसून बोलत. कळले असे की, सून सकाळी सातला कामाला जाई आणि पोरगी दुपारपर्यंत बिस्किटे नि चहावर असे. कोणी उपाशी ठेवले नव्हते. कोणाच्या लक्षातच आले नव्हते. आता मावशी निघण्यापूर्वी तिला तूप घालून मऊ भात भरवतात आणि आमच्याकडे अर्धा तास उशिरा येतात. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी घड्याळाकडे पाहिले होते. दुसऱ्या दिवसापासून तेही बंद झाले.

दिवाळीच्या आठवड्यात मावशी आल्या त्या हसतच. ‘‘दादा, आठ किलो शंभर!’’

‘‘वाढवून तर नाही ना लिहिलं?’’ आम्ही थट्टेने विचारले.

‘‘नाय हो,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘ह्या टायमाला मी सोता काट्याकडे बघत होते.’’

पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतात. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात आणि मग पहिला आकडा. आमच्या गल्लीत यंदाचा पहिला आकडा पडला तो आठ किलो शंभर. आणि तो खरा आहे.